आईचा नारळ आणि डावं पान

अण्णांच्या घड्याळाचा पट्टा चामड्याचा होता. रोज सकाळी पूजेला बसण्याआधी ते घड्याळ काढून खिडकीत ठेवायचे, आणि ती खिडकी देव्हाऱ्यापासून बरोबर चार पावलांवर होती. चामड्याचं काहीही त्या चार पावलांच्या आत यायचं नाही, हा नियम आमच्या घरात कुणी कुणाला कधी सांगितला नव्हता, तरी सगळ्यांना ठाऊक होता. माझ्या दप्तराला चामड्याचा बंद होता म्हणून ते बिचारं दाराबाहेरच्या खिळ्याला लटकायचं. आम्ही नारायण पेठेत एका छापखान्याच्या वरच्या दोन खोल्यांत राहत होतो. खाली छपाईचं यंत्र सुरू झालं की खटाक-धप्प, खटाक-धप्प असा आवाज जमिनीतून पायात चढायचा आणि वर अण्णांचे मंत्र त्याच ठेक्यावर चालायचे. यंत्र मध्येच थांबलं तर अण्णाही अडखळायचे. हे त्यांना सांगायची मात्र कुणाची छाती नव्हती. अण्णा पोस्टात हेडक्लार्क होते, आणि खरं सांगायचं तर घरातही हेडक्लार्कच होते. आई स्वयंपाकघरात स्टोव्हला पंप मारता मारता त्यांच्या मंत्रांतल्या चुका ऐकून गालात हसायची. तिचं शिक्षण चौथीपर्यंत, पण कान पक्का. शाईचा, घासलेटचा, उदबत्तीचा आणि लसणाच्या फोडणीचा मिळून जो एक वास त्या घराला होता, तो मला पुन्हा कुठेही मिळाला नाही.

मी कॉलेजात गेले त्या वर्षी आम्हाला एक नवा विषय आला, जगातले धर्म. नवा म्हणजे इतका नवा, की पुस्तकंसुद्धा आलेली नव्हती. वर्गात आम्ही अकरा जण. त्यातली सात मुलं दुसरीकडे प्रवेश मिळाला नाही म्हणून आलेली. माझ्या शेजारी बसायची शांता. ती रोज लोणी काळभोरहून यायची. घरची शेती, डोक्याला कायम चपचपीत तेल, आणि बोलणं असं रोखठोक की आमच्या पेठेतल्या मुली तिच्यापुढे ततपप करायच्या. मी हा विषय का घेतला, याचं उत्तर मी घरी ‘त्यात मार्क मिळतात’ असं दिलं होतं. ते साफ खोटं होतं. लहानपणापासून मला एक कोडं पडायचं, की समोरच्या रस्त्यावरून जाणारे इतके सगळे लोक घरी जाऊन कुणापुढे हात जोडत असतील? पण असं काही अण्णांना सांगितलं असतं, तर त्यांनी मला वैद्याकडे नेलं असतं.

जोगळेकर सर पहिल्या तासाला आले ते बसलेच नाहीत. उंच, किडकिडीत, खादीचा शर्ट, आणि चेहऱ्यावर आत्ताच कुणीतरी त्यांना शिळा चहा दिल्याचे भाव. त्यांनी फळ्यावर मधोमध एक उभी रेघ ओढली आणि म्हणाले, “वहीची दोन पानं उघडा. डाव्या पानावर काय दिसलं, काय ऐकलं, ते लिहायचं. उजव्या पानावर तुम्हाला काय वाटलं, ते. डावं पान मी तपासणार. उजवं तुमचं तुमच्याजवळ ठेवा, मला त्यात रस नाही. आणि डाव्यावरचं उजव्यावर गेलं किंवा उजव्यावरचं डाव्यावर आलं, तर शून्य.”

मागच्या बाकावरून एकानं विचारलं, “सर, पण यातला खरा धर्म कुठला, ते शेवटी सांगणार ना?”

“ते तुम्हाला कळलं की मला एक पोस्टकार्ड टाका,” सर म्हणाले. “इथं पुण्य मिळत नाही. मार्क मिळतात, आणि तेही कमीच.”

पहिला गृहपाठ होता, आपल्याच घरातली पूजा परक्यासारखी पाहायची आणि डाव्या पानावर उतरवायची. मी दुसऱ्या दिवशी सकाळी वही घेऊन दाराशी बसले. लिहिलं, ‘एक पुरुष मनगटावरचं घड्याळ काढतो. उघड्या अंगानं लाकडी पाटावर बसतो. पितळेच्या बोटभर मूर्तींना पाण्यानं आंघोळ घालतो. मऊ फडक्यानं पुसतो. त्यांना गंध लावतो, फूल वाहतो, दूध दाखवतो. हे करताना त्याचा आवाज घरात एरवी बोलतो त्यापेक्षा हळू असतो.’ शेवटचं वाक्य लिहिलं आणि मी ते पुन्हा वाचलं. अठरा वर्षं मी त्या माणसाच्या आवाजाला दचकत होते. तोच माणूस रोज सकाळी बोटभर बाळकृष्णाचे कान पुसताना इतक्या हळुवार आवाजात बोलतो, हे मला कधी दिसलंच नव्हतं. मी तिथंच बसून राहिले. आईनं विचारलं, “काय गं, पोटात दुखतंय का?”

पण अण्णांचा विषयाला विरोध होता तो होताच. परीक्षेनंतर हाच विषय मुख्य म्हणून घ्यायचा तर फॉर्मवर पालकांची सही लागणार होती. फॉर्म मी आणून ठेवला होता आणि तो देव्हाऱ्याखालच्या फळीवर पंचांगात पडून होता. सही झाली नाही, तर कॉलेज सोडून टायपिंगचा क्लास आणि मागोमाग स्थळं, हे ठरलेलं होतं. क्लासची चौकशीही अण्णांनी करून ठेवली होती. त्यांनी मला समोर उभं करून अट घातली होती, “सगळ्यांची देवळं बघा. लिहा. घरी या. पण कुणाकडचं अन्नपाणी घ्यायचं नाही. घेतलंत, तर त्या दिवशी हा विषय बंद. शब्द द्या.” रागावले की अण्णा मला ‘तुम्ही’ म्हणायचे. मी शब्द दिला. त्या वयात शब्द देणं किती सोपं असतं!

आम्ही कुठे कुठे गेलो. एका चर्चमध्ये गेलो आणि तिथल्या रंगीत काचांचा उजेड शांताच्या तेलकट केसांवर पडलेला बघत राहिलो. पारशांच्या अग्यारीत परक्याला आत जाता येत नाही, तेव्हा सरांनी आम्हाला फाटकाबाहेर अर्धा तास उभं केलं आणि सांगितलं, “बाहेर उभं राहणं म्हणजे काय, तेच लिहा. आपल्या देवळांबाहेर कुणाकुणाला उभं केलं होतं, तेही आठवेल.”  शांतानं त्या दिवशी वही मिटूनच ठेवली.

आणि मग आलं रास्ता पेठेतलं ज्यू लोकांचं प्रार्थनामंदिर. आदल्या संध्याकाळी आईनं विचारलं, “उद्या कुणाचा देव?” मी सांगितलं. तिला ज्यू म्हणजे कोण ते ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, ते मूर्ती करत नाहीत, देव एकच मानतात, त्याचं नावसुद्धा तोंडानं घेत नाहीत. आई पोळी लाटायची थांबली. “नावसुद्धा घेत नाहीत?” तिनं विचारलं आणि थोड्या वेळानं स्वतःशीच मान हलवली, “केवढं जपतात गं.” सकाळी निघताना माझी पिशवी जड लागली. आत पाहते तर शेंडीवाला नारळ आणि कागदाच्या पुडीत हळदकुंकू!

“अगं आई, तिथं असलं काही चालत नाही!”

“मूर्ती नाही म्हणालीस, दार तर आहे ना? देवाच्या दारी रिकाम्या हातानं जायचं नाही. तू सुशिक्षित आहेस, तुझी तू बघ. नारळ माझा आहे.”

वाद घालायला वेळ नव्हता. मी पिशवीत वर वही ठेवून नारळ दडवला आणि मनाशी ठरवलं, की परत येताना ओंकारेश्वराला देऊन टाकायचा.

तिथं आम्हाला घ्यायला आले थळकरकाका. देखरेखीचं काम त्यांच्याकडे होतं. साठीचे, ठेंगणे, पांढरं धोतर, डोक्याला काळी टोपी. बोलायला लागले आणि आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो, कारण मराठी अगदी आपल्या अलिबागकडची. “आमचे पूर्वज कोकणच्या किनाऱ्याला लागले,” ते म्हणाले. “तेल गाळायचे. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं. किती शतकं झाली कुणास ठाऊक.” दाराच्या चौकटीला तिरपी बसवलेली एक लहान डबी होती. तिला लावलेली बोटं त्यांनी ओठांना टेकवली. आत उंच छत, मधोमध कठडा घातलेला चौथरा, आणि पश्चिमेच्या भिंतीशी पडद्याआड धर्मग्रंथ ठेवायचं मोठं कपाट. समोर टांगलेला काचेचा दिवा. “हा विझू देत नाही,” काका म्हणाले. आमच्या घरी नवरात्रात आई ज्या काळजीनं नंदादीपाची वात सारते, तीच काळजी त्यांच्या मान वर करून बघण्यात होती. मी ते पटकन उजव्या पानावर लिहिलं.

मग त्यांनी बाजूच्या खोलीतून एक गुंडाळी आणली. धर्मग्रंथाची जुनी प्रत. एक-दोन ठिकाणी शाई उडालेली, म्हणून आता वाचायला चालत नव्हती. टेबलावर पांढरं कापड अंथरून त्यांनी ती हातभर उलगडली. काळ्या अक्षरांचे सरळ रकाने, एकही खाडाखोड नाही. “हातानं लिहितात. एक अक्षर चुकलं तर ते दुरुस्त होईस्तोवर वाचायची नाही. वाचतानाही बोट लावायचं नाही, चांदीची काडी फिरवायची.” मी विचारलं, “कागद कसला हो?” काका म्हणाले, “कागद नव्हे, पोरी. चामडं आहे.”

चामडं! माझ्या डोळ्यांपुढे आमची खिडकी आली, अण्णांचं घड्याळ आलं, खिळ्याला टांगलेलं माझं दप्तर आलं. जे आम्ही देवापासून चार पावलं लांब ठेवत होतो, त्याच्यावर या लोकांनी देवाचा शब्द लिहून ठेवला होता. आणि तोही इतका सोवळ्यातला, की त्याला बोट लावायचं नाही! “आता हिचं काय करणार?” शांतानं विचारलं. काका म्हणाले, “पुरणार. दफनभूमीत. माणसाला पुरतो तशीच, प्रार्थना म्हणून.” मला एकदम रडायला आलं. पुस्तकाला माणसासारखा निरोप देणारे लोक माझ्या घरापासून अर्ध्या तासाच्या चालीवर राहत होते आणि मला ते माहीत नव्हतं. असं माहीत नसलेलं जगात किती असेल, या विचारानं मला गरगरल्यासारखं झालं. आज इतक्या वर्षांनीही मी कबूल करते, माझ्या आयुष्यात देवासारखं काही मला जाणवलं असेल तर ते त्या टेबलाशी.

डोळे पुसायला रुमाल काढायला गेले आणि पिशवी कलंडली. नारळ बाहेर पडला आणि त्या शांत दालनात फरशीवरून गडगडत थेट चौथऱ्याच्या पायरीशी जाऊन थांबला. पाठोपाठ कुंकवाची पुडी. मुलं खदखदून हसली. माझा चेहरा कुंकवाहून लाल झाला असणार. जोगळेकर सर नुसते भुवया वर करून बघत राहिले. त्यांचं बोलणं परवडलं असतं.

थळकरकाकांनी वाकून नारळ उचलला. कानाशी धरून हलवला. “पाणी भरपूर आहे. कुणी दिला?”

“आईनं,” मी पुटपुटले. “देवाच्या दारी रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून. चुकलं, काका. माफ करा.”

“त्यात काय चुकायचंय?” शांता मध्येच म्हणाली. “आमच्या गावात पीराला बी नारळ हाय की.”

काकांनी नारळाची शेंडी बोटांनी सारखी केली. मग म्हणाले, “इथं फोडत नाही आम्ही. पण परवा माझ्या घरी मलिदा आहे. पोहे, नारळ, साखर, फळं. एलियाहू नबीच्या नावानं करतो. मुलगा इस्रायलला जातोय, त्याचा प्रवास नीट व्हावा म्हणून. पुढल्या वर्षी मी आणि बायकोही जाणार. हा नारळ मी त्यात घालीन. ज्या घरचा नारळ, त्या घरच्या पोरीनं यायला पाहिजे.”

बाहेर आल्यावर मी सरांना रडवेल्या आवाजात विचारलं, “सर, नारळाचं कुठल्या पानावर लिहू?”

“डाव्या. घडलं ना ते?” सर म्हणाले. मग थोडं चालून गेल्यावर, त्यांच्या स्वभावाला न शोभेल अशा मऊ आवाजात, “बापट, आपण बघायला जातो म्हणजे नुसतं बघतो असं नाही. आपण तिथं असतो. हे कळायला मला वीस वर्षं लागली. तुमच्या मातोश्रींना नमस्कार सांगा.”

अण्णांना मी सगळं सांगितलं, नारळासकट. ते एवढंच म्हणाले, “शब्द लक्षात आहे ना?”

मलिद्याला मी शांताला सोबत घेऊन गेले. काकांचं घर आमच्याएवढंच, दोन खोल्यांचं. त्यांच्या पत्नी रिबकाबाईंच्या गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरव्या बांगड्या. माझी आई आणि त्या शेजारी उभ्या राहिल्या असत्या तर कोण कुणाची बहीण विचारावं लागलं असतं. ताटात भिजवलेल्या पोह्यांचा ढीग, त्यावर खवलेलं खोबरं, वेलदोडे, कडेनं केळी, खजूर, सफरचंदाच्या फोडी आणि मधोमध गुलाबाचं फूल. सगळ्यांनी डोकी झाकली. मला न कळणाऱ्या भाषेत गाणं सुरू झालं आणि पंचविशीचा तो मुलगा आईकडे न बघता, ताटाकडे नजर लावून गात राहिला. रिबकाबाईंचा आवाज दोनदा फुटला. घरात भरून राहिलेला ओल्या खोबऱ्याचा तो वास माझ्या आईच्या स्वयंपाकघरातला होता.

मग प्रसाद वाटला. शांतानं ओंजळ पुढं केली आणि बकाबका खाल्लासुद्धा. रिबकाबाई माझ्यापुढे आल्या. माझा हात पुढं झाला आणि तिथंच थांबला. टायपिंगचा क्लास डोळ्यांपुढे आला, सगळं आयुष्य डोळ्यांपुढे आलं. मी म्हटलं, “काकू, मला... मी वडिलांना शब्द दिलाय. बाहेर काही खायचं नाही.”

 मला वाटलं धरणी दुभंगली तर बरं. रिबकाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, आणि तेच मला जास्त लागलं. “मग नको खाऊ, बाळ,” त्या म्हणाल्या. “बापाला दिलेला शब्द आहे. पण नारळ तुझ्या आईचा ना? तिचा वाटा तिला ने.” त्यांनी केळीच्या पानात मूठ-दोन मुठी मलिदा बांधून दिला, वर गुलाबाच्या दोन पाकळ्या ठेवल्या. मी शब्द पाळला, आणि त्या क्षणाची मला जितकी लाज वाटते तितकी आयुष्यात मोडलेल्या कुठल्याच शब्दाची वाटली नाही.

घरी आले तेव्हा दिवेलागण झाली होती. अण्णा पंचांग घेऊन बसलेले, आई वाती वळत होती. मी पुडी आईपुढे ठेवली आणि झालं ते सांगितलं.

अण्णांनी चष्मा काढला. “बाहेरचं खायचं नाही म्हटलं, तर घरात आणलंत. छान! फॉर्मचं काय करायचं ते आता स्पष्टच झालं.”

 आईनं हात धुतले, पान सोडलं, डोळे मिटून हात जोडले आणि पहिला घास तोंडात टाकला. अण्णा उठून उभे राहिले. त्या घरात त्यांच्या बोलण्यावर आईनं असं काही केलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

“अहो, नारळ माझा,” ती खाता खाता म्हणाली. “मी तो देवाला दिला. त्याचा प्रसाद मला आला. आपलं देवाला चाललं आणि देवाकडचं आपल्याला चालत नाही, हे कुठल्या पोथीत आहे? असेल तर वाचून दाखवा, मी अडाणी आहे.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “ये गं. आता हा घरचा झाला. साखर जरा कमी घालतात, पण हात चांगला आहे बाईचा.”

मी खाल्ला. खाता खाता रडले. आईनं उरलेला घासभर मलिदा एका वाटीत काढून स्वयंपाकघरातल्या फळीवर झाकून ठेवला. कुणासाठी, ते ती बोलली नाही. अण्णा गॅलरीत जाऊन उभे राहिले आणि जेवायची वेळ होईपर्यंत आत आले नाहीत. जेवताना त्यांनी एकच विचारलं, तेही आमटीकडे बघत, “चामड्यावर लिहिलंय म्हणालीस. मग वाचताना बोट लावत नाहीत, तर काय लावतात?”

“चांदीची काडी.”

“हं,” अण्णा म्हणाले आणि ताक मागितलं.

आता मी विश्रांतवाडीला राहते. तीस वर्षं हाच विषय शिकवला, आणि दर वर्षी पहिल्या तासाला फळ्यावर उभी रेघ ओढली. थळकर मंडळी ठरल्याप्रमाणे पुढल्या वर्षी गेली. एक पत्र आलं, नंतर नाही. ती पहिली वही मात्र माझ्याकडे आहे, आणि तिच्या शेवटच्या डाव्या पानावर मलिद्याच्या दुसऱ्या दिवशीची नोंद आहे. ‘सकाळी यंत्र सुरू होण्याआधी स्वयंपाकघरात गेले. फळीवरची वाटी घासून पालथी ठेवलेली होती. आई अजून उठलेली नव्हती. वाटीखाली, वाऱ्यानं उडू नये म्हणून, माझा फॉर्म होता. फॉर्मवर सही होती. अण्णा पूजेला बसले होते. घड्याळ खिडकीत होतं.’

समोरच्या उजव्या पानावर काय लिहावं ते मला त्या दिवशी सुचलं नाही. ते पान अजून कोरं आहे.